मुदतीचा रहिवास

नोकरी, व्यापार अथवा निवृत्तीनंतरचा विसावा, यांपैकी कोणत्याही निमित्ताने थायलंडात जाऊन राहण्याचा बेत करणारा मराठी माणूस निघण्यापूर्वी घरभाड्याची, मुलांच्या शाळेची आणि शाकाहारी जेवणाची कसून चौकशी करतो. परंतु ज्या एका प्रश्नावर त्याचे तेथील सारे कागदोपत्री आयुष्य अवलंबून राहणार असते तो प्रश्न, म्हणजे आपण रात्री कोणाच्या छपराखाली निजणार आणि त्या छपराचा धनी आपल्याविषयी सरकारदरबारी काय लिहून देणार हा, सहसा त्याच्या मनात येत नाही. बँकॉकमध्ये दीर्घकाळ राहिल्यावर माझे असे ठाम मत झाले आहे की या प्रश्नाचे मर्म ज्याला उमगले त्याला पुढचे अर्ज, शिक्के आणि हेलपाटे यांचा अर्थ आपोआप लागत जातो. थाई कायद्याला प्रत्येक परक्या माणसामागे एक ठावठिकाणा आणि त्याच्याबद्दल जाब देणारा एक इसम हवा असतो, आणि बाकी सारा पसारा या दोन गोष्टींची वारंवार खातरजमा करण्यासाठी मांडलेला आहे.

या व्यवस्थेचा मूळ आधार म्हणजे १९७९ साली, तेथील बौद्ध शकाप्रमाणे २५२२ साली, झालेला इमिग्रेशनचा कायदा. त्याच्या ३८ व्या कलमान्वये ज्याच्या घरात, सदनिकेत वा हॉटेलात परदेशी इसम मुक्कामास उतरतो त्या मालकाने, कब्जेदाराने अथवा व्यवस्थापकाने ती गोष्ट २४ तासांच्या आत इमिग्रेशनच्या कचेरीस कळवली पाहिजे. ज्या नमुन्यावर ही वर्दी द्यावयाची त्याला टी.एम. ३० असे म्हणतात, आणि बँकॉकमधील परदेशी लोकांच्या बोलण्यात हे नाव पावसापाण्याइतक्या सहजपणे येते. हॉटेलात उतरणाऱ्या प्रवाशाला याची वार्ताही नसते, कारण त्याचा पासपोर्ट चाळून तेथील कारकून ते काम परस्पर उरकतो. भाड्याच्या घरात राहणाऱ्याची स्थिती निराळी. वर्दी देण्याचे कर्तव्य कायद्याने मालकावर टाकले आहे. पण ती दिली गेली नसेल तर मुदतवाढीचा अर्ज घेऊन खिडकीपुढे उभा राहणारा आणि पावती नाही म्हणून परत फिरवला जाणारा मनुष्य हा भाडेकरूच असतो. म्हणून थायलंडात घर पाहताना गच्ची, पंखा आणि पाण्याचा दाब यांच्याआधी मालकाला विचारावे की आपल्या ओळखपत्राची, घराच्या नोंदपुस्तकाची आणि मालकीपत्राची सही केलेली नक्कल आपण द्याल काय. जो मालक भाड्याचे उत्पन्न प्राप्तिकर खात्याला दाखवीत नाही तो अशा नकला देताना हमखास चाचरतो, आणि तसे घर कितीही हवेशीर असले तरी परक्या माणसाने सोडून द्यावे, असा माझा प्रत्येक नवागताला आग्रहाचा सल्ला असतो.

त्याच कायद्याचे ३७ वे कलम खुद्द परदेशी माणसाकडे वळते. देशात सलग ९० दिवसांहून अधिक काळ राहणाऱ्याने दर ९० दिवसांनी आपला पत्ता कळवावयाचा, मग तो पत्ता दहा वर्षांत बदललेला नसला तरी हरकत नाही. नियत तारखेच्या आधी १५ दिवस आणि नंतर ७ दिवस एवढी सवलत आहे. ती उलटल्यास दंड २,००० बाट. पहिली हजेरी समक्ष द्यावी लागते, पुढच्या टपालाने अथवा संगणकावरून देता येतात. मधेच देशाबाहेर जाऊन आल्यास मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. पुष्कळ लोकांचा असा समज असतो की ही हजेरी दिली म्हणजे राहण्याची मुदतही वाढली. तो समज महागात पडतो. पत्त्याची वर्दी आणि मुक्कामाची परवानगी या दोन अगदी वेगळ्या बाबी असून, परवानगीची मुदत टळून गेल्यास दररोज ५०० बाट या दराने, जास्तीत जास्त २०,००० बाटपर्यंत दंड होतो. आणि हा मुदतबाह्य मुक्काम ९० दिवसांपलीकडे गेला, तर २०१६ पासून अंमलात आलेल्या नियमानुसार स्वतः होऊन हजर झालेल्यालाही एक वर्ष देशात पाऊल टाकता येत नाही. पकडला गेलेल्याला मुदत थोडीच उलटलेली असली तरी पाच वर्षांची बंदी आहे. भारतीय पासपोर्टधारकांना २०२३ च्या नोव्हेंबरपासून पर्यटनासाठी व्हिसावाचून प्रवेश मिळू लागला, आणि त्या सुलभतेमुळे हा देश कागदपत्रांच्या बाबतीत सैल आहे अशी एक समजूत आपल्याकडे पसरली. दार सैल आहे हे खरे. आतील घराचे नियम मात्र काटेकोर आहेत.

हे नियम इतके काटेकोर का, याचे उत्तर इतिहासात शोधावे लागते, आणि त्या इतिहासात आपलेही लोक आहेत. १८५५ साली ब्रिटनच्या वतीने सर जॉन बाउरिंग याने सयामशी, म्हणजे आजच्या थायलंडशी, जो तह केला त्यामुळे ब्रिटिश प्रजाजन सयामच्या न्यायासनाच्या कक्षेबाहेर गेले. त्यांचे तंटे ब्रिटिश वकिलाच्या दरबारी चालू लागले. इतर पाश्चात्त्य राष्ट्रांनीही असेच तह पदरात पाडून घेतले. ब्रिटिश प्रजाजन या संज्ञेत सुरतेकडील बोहरी व्यापारी, तमिळ कारागीर आणि पंजाबी कापडवालेही येत असल्यामुळे, बँकॉकच्या गल्लीत दुकान मांडून बसलेला हिंदी मनुष्यही त्या भूमीच्या राजाला कायद्याने फारसा उत्तरदायी राहिला नाही. १९०९ च्या तहात सयामने केदाह, केलांतान, त्रेंगानू आणि पर्लिस या मलय मांडलिक संस्थानांवरील आपला हक्क ब्रिटनला देऊन टाकला आणि त्याच्या बदल्यात न्यायाधिकाराचा काही भाग परत मिळवला. १९२५ च्या सुमाराच्या तहांनी त्यात भर पडली, आणि १९३७ च्या नव्या तहांनंतरच परक्या माणसाला आपल्या कायद्याखाली उभे करण्याचा अधिकार त्या देशाला निर्वेधपणे प्राप्त झाला. परदेशातून येणाऱ्यांविषयीचा पहिला कायदा १९२७ सालचा, राजा प्रजाधिपोक यांच्या कारकीर्दीतला. जो अधिकार चार संस्थाने देऊन विकत घ्यावा लागला तो कोणतेही राष्ट्र हलक्या हाताने वापरणार नाही, आणि खिडकीपलीकडचा अंमलदार पासपोर्टाचे एकेक पान उलटतो तेव्हा मला त्यामागे ही जुनी सावधगिरी दिसते. इमिग्रेशनचे खाते पोलिसांच्या अखत्यारीत आहे, यातही मला तीच सावधगिरी आढळते.

बँकॉकचे इमिग्रेशन पूर्वी साथोर्न भागातील सुआन फ्लू गल्लीत होते. आता ते शहराच्या उत्तरेस चेंग वत्थना मार्गावरील सरकारी संकुलात आहे. सकाळी दार उघडण्यापूर्वीच रांग लागलेली असते. आत गेल्यावर प्रथम कागद तपासणारे मेज, तेथून क्रमांकाची चिठ्ठी, मग दालन. दुपारी बारा ते एक जेवणाची सुट्टी, आणि सोमवारी खाकी गणवेशातले सरकारी नोकर. कागदांच्या शिरोभागी गरुड असतो, कारण थाई राजसत्तेचे चिन्ह विष्णूचे वाहन आहे, आणि परदेशात प्रथमच सरकारी नोटीस हाती पडलेल्या मराठी माणसाला ती ओळखीची मुद्रा पाहून क्षणभर धीर येतो.

येथील खरी शिस्त नकलांची आहे. पासपोर्टाचे मुख्य पान, प्रवेशाचा शिक्का असलेले पान, शेवटच्या मुदतवाढीचे पान, बँकेच्या पुस्तकाची पाने, घराच्या नोंदपुस्तकाची पाने, अशा प्रत्येक नकलेवर अर्जदाराने ती मुळाबरहुकूम असल्याबद्दल सही करावयाची असते. जाणते लोक सही निळ्या शाईने करतात, म्हणजे मूळ सही कोणती आणि छापली गेलेली कोणती याचा संशय राहत नाही. तेथील व्यवहारी माणसे आणखी एक काळजी घेतात: ओळखपत्राच्या नकलेवर दोन तिरप्या समांतर रेषा ओढून त्यांच्यामध्ये ती नक्कल कोणत्या कामासाठी दिली हे लिहून ठेवतात, त्यामुळे तो कागद उद्या भलत्याच कर्जाच्या फायलीत सापडण्याचे भय राहत नाही. आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानातून ओळखपत्रांचे गठ्ठे ज्या निष्काळजीपणे हातोहात फिरतात ते पाहिले म्हणजे ही सवय आपण उचलावी असे मला मनापासून वाटते.

निवृत्तांसाठी मुदतवाढीची वाट अशी आहे. वय ५० पूर्ण असावे, आणि थाई बँकेतील स्वतःच्या नावच्या खात्यात ८,००,००० बाट, नाहीतर दरमहा ६५,००० बाट उत्पन्न असल्याचा पुरावा द्यावा. रक्कम अर्जापूर्वी दोन महिने खात्यात पडून असली पाहिजे, मंजुरीनंतर तीन महिने तिला हात लावता येत नाही, आणि त्यापुढे वर्षभर ती ४,००,००० च्या खाली जाता कामा नये. थाई पत्नी असणाऱ्याला एकूण ४,००,००० पुरतात, पण मग घरी येऊन चौकशी होऊ शकते आणि संसाराची छायाचित्रे फायलीत लावावी लागतात. अर्जाच्या दिवशी सकाळी बँकेत जाऊन पुस्तक भरून घ्यावे लागते, कारण कालच्या तारखेची नोंद शेवटची असलेले पुस्तक अंमलदार बाजूला सारतो. बँकेचे पत्रही ताजे हवे. अर्जाची फी १,९०० बाट. मंजूर झालेली वर्षाची मुदत देशाबाहेर पडताच संपुष्टात येते, म्हणून मुंबईला लग्नाकार्याला जाणाऱ्याने आधी पुनःप्रवेशाचा परवाना काढावा. एका फेरीस १,००० बाट, अनेक फेऱ्यांस ३,८००. विमानतळावरही तो मिळतो, परंतु घाईत विमान गाठणारी वृद्ध माणसे पासपोर्टावर शिक्का मारून घेऊन पुढे निघून जातात, आणि वर्षाच्या खटपटीने मिळवलेली मुदत त्या एका शिक्क्याने संपते. हे मी अनेकांच्या बाबतीत होताना पाहिले आहे आणि दर वेळी मला त्याची हळहळ वाटली आहे.

भारतातून न्यावयाच्या दाखल्यांविषयी एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. ग्रामपंचायतीचा जन्माचा दाखला किंवा नगरपालिकेचे विवाहाचे प्रमाणपत्र केवळ मराठीत असेल तर ते तेथे कामास येत नाही. त्याची इंग्रजी प्रत, तीवर आपल्या परराष्ट्र खात्याचे प्रमाणन, मग थाई वकिलातीचे, त्यापुढे थाई भाषांतर, आणि त्या भाषांतरावर बँकॉकच्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, इतके टप्पे आहेत. पहिले टप्पे गावी असतानाच उरकणे शहाणपणाचे. मुंबईत थाई वाणिज्य वकिलात आहेच. आपल्याकडे मधले नाव वडिलांचे अथवा नवऱ्याचे असते आणि ते एका कागदावर पूर्ण, दुसऱ्यावर आद्याक्षराने, तिसऱ्यावर मुळीच नाही, अशी तऱ्हा सर्रास आढळते. थाई कारकून पासपोर्टातील नावाशी प्रत्येक अक्षर ताडून पाहतो, आणि त्यात त्याचे काहीही चुकत नाही.

नोकरी करणाऱ्याच्या बाबतीत जाब देणारा इसम म्हणजे मालक कंपनी. सर्वसाधारण नियमाने एका परदेशी नोकरामागे कंपनीचे नोंदलेले भांडवल २० लाख बाट आणि पटावर चार थाई नोकर असावे लागतात. कामाचा परवाना विशिष्ट मालकाकडील विशिष्ट कामापुरताच असतो. नोकरी सुटली की त्या आधारावर मिळालेला मुक्कामही सुटतो, आणि घरच्या माणसांचा मुक्काम त्याच्याच मुक्कामावर बेतलेला असल्यामुळे सारे कुटुंब एकदम अधांतरी येते. काही व्यवसाय थाई लोकांसाठीच राखलेले आहेत. १९७९ च्या यादीत ते ३९ होते: केशकर्तन, फिरता विक्रीधंदा, वाटाड्याचे काम, रत्नांना पैलू पाडणे, छत्र्या करणे, बुद्धमूर्ती आणि भिक्षापात्रे घडवणे. २०२० साली यादीची फेररचना झाली आणि काही कामे अटींवर खुली झाली. पर्यटक घेऊन येणाऱ्या आपल्याकडील प्रवासी मंडळ्यांच्या व्यवस्थापकांनी वाटाड्याची बाब नीट समजून घ्यावी, कारण देवळासमोर उभे राहून मराठीत माहिती सांगणे हेही त्या कायद्याच्या नजरेत काम ठरू शकते.

येथपर्यंत मी ज्यांच्याविषयी लिहिले ते सुस्थितीतले परदेशी. थायलंडातील परक्यांची खरी बहुसंख्या मात्र म्यानमार, कंबोडिया आणि लाओस येथून आलेल्या मजुरांची आहे. बँकॉकच्या नैऋत्येस सामुत साखोन प्रांतातील महाछाय या बंदरगावी मासळी सोलण्याच्या आणि गोठवण्याच्या कारखान्यांत ब्रह्मी स्त्रीपुरुष पहाटेपासून उभ्याने राबतात. लाओसशी २००२ आणि इतर दोन देशांशी २००३ साली झालेल्या करारांखाली त्यांना दोन वर्षे आणि पुढे आणखी दोन अशी मुदत मिळते. नव्वद दिवसांच्या हजेरीसारख्या गोष्टी त्यांनाही चुकलेल्या नाहीत; पण ज्या हजेरीसाठी एखादा निवृत्त साहेब मोटारीने जाऊन सकाळ घालवतो तिच्यासाठी या मजुराची रोजी बुडते, अर्जाची भाषा त्याला वाचता येत नाही, आणि म्हणून मधला दलाल येतो. कित्येकदा पासपोर्ट मालक अथवा मुकादम स्वतःकडे ठेवून घेतो. मालक बदलण्यावर निर्बंध असल्यामुळे त्याच्याबद्दल जाब देणारा इसमच त्याचा धनी होऊन बसतो, आणि मला या साऱ्या व्यवस्थेतील खरा अन्याय येथे दिसतो. सुखवस्तू परदेशी लोकांच्या बैठकींत रांगेबद्दल जी कुरकुर चालते ती ऐकताना मला महाछायच्या त्या बाया आठवतात आणि ती कुरकुर सहन होत नाही.

भाड्याऐवजी स्वतःचे घर घ्यावे म्हटले, तर जमीन परदेशी माणसाला विकत घेता येत नाही. इमारतीतील सदनिका घेता येते, मात्र एका इमारतीतील विक्रीयोग्य क्षेत्रफळापैकी ४९ टक्क्यांहून अधिक परक्यांच्या नावे असू शकत नाही आणि पैसा परकीय चलनातून बाहेरूनच आल्याचे बँकेचे प्रमाण लागते. थाई पत्नीच्या नावे जमीन खरेदी होते तेव्हा परदेशी नवऱ्याला जमिनीच्या कचेरीत समक्ष जाऊन, हा पैसा सर्वस्वी तिचा आहे आणि माझा यावर हक्क नाही, असे लिहून द्यावे लागते. तीस वर्षांचा भाडेपट्टा नोंदवता येतो. तीन वर्षांवरचा पट्टा न नोंदवल्यास तीन वर्षांपलीकडे त्याची अंमलबजावणी होत नाही.

प्रत्येक थाई घराला नोंदपुस्तक असते. थाई नागरिकांचे निळे, आणि तात्पुरत्या परदेशी रहिवाशांचे पिवळे. पिवळ्या पुस्तकात नाव लावण्यासाठी तालुक्याच्या कचेरीत, बँकॉकमध्ये विभागाच्या कचेरीत, साक्षीदारांसह जावे लागते. तेथील अंमलदार आई-वडिलांची नावे, शिक्षण, या देशात येण्याचे कारण, सारे विचारतो आणि जबाब थाई भाषेत टंकून घेतो. नंतर गुलाबी रंगाचे १३ अंकी ओळखपत्र मिळते. ते नसले तरी काही अडत नाही. पण गाडीचा परवाना काढताना रहिवासाचा दाखला वेगळा आणावा लागत नाही, एवढा लाभ होतो. त्या परवान्यासाठी जी शारीरिक परीक्षा असते तिचे मला कौतुक वाटते. लाल, हिरवा, पिवळा दिवा ओळखायचा. पेटीतील दोन काठ्या कळ दाबून एका रेषेत आणायच्या, म्हणजे अंतराचा अंदाज कळतो. कपाळ टेकवून बाजूला लागलेल्या दिव्याचा रंग सांगायचा. आणि इशारा होताच पायाने ब्रेक दाबायचा. सारे मिळून काही मिनिटे लागतात, आणि आपल्याकडे डोळ्यांच्या दाखल्यावर जे भागवले जाते त्याहून ते पुष्कळ प्रामाणिक आहे.

करांविषयी थोडक्यात: वर्षात १८० दिवस तेथे राहणारा मनुष्य करापुरता रहिवासी ठरतो, आणि १ जानेवारी २०२४ पासून मिळवलेले परदेशी उत्पन्न थायलंडात आणले तर ते आणल्या वर्षी करपात्र धरले जाते. पुण्यातील घराचे भाडे बँकॉकला मागवणाऱ्यांनी दोन्ही देशांतील करार जाणणाऱ्या माणसाचा सल्ला घ्यावा.

उरला कायमच्या रहिवासाचा प्रश्न. तो मिळू शकतो. एका राष्ट्राच्या लोकांना वर्षाकाठी १०० जागा. नोकरदाराच्या मागे सलग तीन वर्षांची मुदतवाढ आणि कामाचे परवाने हवेत. मुलाखत थाई भाषेत. अर्जाची फी ७,६०० बाट, जी परत मिळत नाही, आणि मंजुरीनंतर १,९१,४०० बाट. निकालाला वर्षे लागतात. तो अनुकूल लागला म्हणजे नव्वद दिवसांची हजेरी संपते, आणि नाव निळ्या पुस्तकात थाई शेजाऱ्यांच्या नावांसारखेच चढते. काम करायचे असल्यास परवाना तरीही लागतो, जमीन तरीही घेता येत नाही, आणि सुट्टीसाठी गावी जाताना परतीची नोंद आधी करून, ठरल्या मुदतीत परत फिरले पाहिजे, नाहीतर कायमचा रहिवासही रद्द होतो.